घरच्यासारख्या मावशी आणि कपाटातला पासपोर्ट

(पत्र लांब होतं, इथे थोडक्यात देत आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.)

ताई, मी चौतीस वर्षांची. नवऱ्याच्या नोकरीमुळे सहा वर्षांपासून न्यू जर्सीत आहोत, मी एच-फोरवर, म्हणजे त्याच्या नोकरीच्या व्हिसाला जोडलेल्या व्हिसावर. आमच्या ओळखीच्या एका मराठी जोडप्याकडे अडीच वर्षांपासून एक मावशी राहतात. सातारा जिल्ह्यातल्या, विधवा. बाळंतपणाच्या मदतीला म्हणून व्हिजिटर व्हिसावर आल्या आणि परत गेल्याच नाहीत. बाळ, स्वयंपाक, धुणीभांडी सगळं त्याच बघतात, पाहुणे असले की रात्री बारापर्यंत. गावी मुलीच्या खात्यात महिन्याला वीस हजार रुपये जमा होतात. मुलगी एकोणीस वर्षांची, कॉलेजात.

परवा हळदीकुंकवाला गेले तेव्हा स्वयंपाकघरात आम्ही दोघीच होतो. त्या हळूच म्हणाल्या, "पोरी, माझा पासपोर्ट साहेबांच्या कपाटात हाय. जाते म्हटलं की म्हनत्यात, पोलीस धरतील. आन् तिकिटाचं पैसं फिटल्याबिगर कुठं जातीस?" तेव्हापासून झोप नाही. नवरा म्हणतो, "त्या बेकायदेशीर राहतायत. तू तक्रार केलीस तर आधी त्यांनाच हाकलतील, आणि पाप तुझ्या माथी." शिवाय ते गृहस्थ नवऱ्याच्याच ऑफिसात, त्याच्या वर आहेत. ते लोक वाईट नाहीत हो. मावशींना घरच्यासारखं वागवतात, दिवाळीला साडी घेतात. मावशी आपल्या मर्जीने आल्या, दाराला कुलूप नाही, बुधवारी बाळाला घेऊन लायब्ररीतही येतात. मग मी याला काय म्हणू? गुपचूप तिकीट काढून देऊ? की त्या दोघांशीच स्पष्ट बोलू?

*

प्रिय मैत्रीण,

तुमच्या शेवटच्या दोन प्रश्नांचं उत्तर आधी देते, कारण त्यात घाई झाली तर नुकसान मावशींचं आहे. तिकीट काढू नका. आणि त्या जोडप्याशी बोलू नका, निदान आत्ता तरी.

आपल्याकडे 'समजावून सांगू, चार शब्दांत मिटेल' ही पहिली ऊर्मी असते, आणि ती चांगुलपणातूनच येते. पण त्यांना कुणकुण लागली तर मावशींना दोन दिवसांत विमानात बसवतील, किंवा बुधवारची लायब्ररी बंद होईल. दोन्हींत तुमचा त्यांच्याशी उरलेला एकुलता एक धागा तुटतो. तिकिटाचा घोटाळा वेगळा. व्हिसाची मुदत संपून वर्षाहून जास्त काळ राहिलेली व्यक्ती एकदा अमेरिकेबाहेर पडली, की साधारण दहा वर्षं तिला परत प्रवेश नाही. आणि मी पुढे ज्या संरक्षणाबद्दल लिहिणार आहे, त्यासाठी माणूस अमेरिकेतच असावा लागतो. म्हणजे भल्या मनाने काढलेल्या तिकिटाने, मावशींना माहीतही नसलेला दरवाजा बंद होऊ शकतो. सगळं कळल्यावरही त्यांना गावी, लेकीकडेच जायचं असेल, तर तो त्यांचा हक्कच आहे. पण आधी त्यांना कळू तर द्या.

आता तुमच्या नवऱ्याचं म्हणणं. "त्या बेकायदेशीर आहेत, म्हणून कायदा त्यांच्या विरोधात." हे वाक्य तुम्ही पत्रात तीनदा लिहिलं आहे. मावशींना कपाटाकडे बोट दाखवून जे सांगितलं जातं, तेही हेच आहे, नाही का? कायद्याने नेमकी हीच धमकी हेरली आहे. अमेरिकेत २००० साली मानवी तस्करीच्या बळींसाठी कायदा झाला, आणि त्यातून 'टी' व्हिसा आला. फसवून, धाकात ठेवून कामाला जुंपलेली माणसं बहुधा कागदपत्रांच्या घोळात अडकलेली असतात आणि त्या भीतीनेच गप्प राहतात, हे गृहीत धरूनच तो केलेला आहे. मुदत संपलेला व्हिसा ही त्याच्या अर्जात आपोआप अपात्रता ठरत नाही, त्यासाठी माफी मागण्याची सोय आहे. आणि 'पोलिसात देईन, हद्दपार करवीन' असं म्हणून कुणाकडून काम करून घेणं हा सक्तीचाच प्रकार आहे, असं तिथला फौजदारी कायदा म्हणतो. सक्तीच्या मजुरीसाठी दुसऱ्याचा पासपोर्ट दाबून ठेवणं हा तर स्वतंत्र गुन्हा.

'तस्करी' या शब्दाने आपली दिशाभूल होते, असं मला नेहमी वाटतं. डोळ्यांपुढे रात्रीची सरहद्द, ट्रकच्या मागे कोंबलेली माणसं येतात. आपल्या भाषेत याहून नेमका शब्द आहे, वेठबिगारी. वेठीला धरण्यासाठी कुलूप लागत नाही. ऊसतोडीला जाणाऱ्या माणसाला 'उचल' म्हणजे काय ते समजावून सांगावं लागत नाही. मुकादमाकडून पैसे उचलले की ते फिटेपर्यंत फड सोडायचा नाही, आणि फिटले की नाही हे ठरवणार मुकादम. मावशींच्या तिकिटाचे पैसे अडीच वर्षांत फिटले नाहीत? हिशोबाची वही कुणी पाहिली आहे? वहीच नसेल तर ते कर्ज कसलं.

हिशोब निघालाच आहे तर मीही जरा कागदावर आकडे मांडून पाहिले. न्यू जर्सीत २०२५ साली किमान वेतन तासाला १५ डॉलर ४९ सेंट होतं, आणि कामगाराकडे कोणता व्हिसा आहे यावर ते अवलंबून नाही. दिवसाला नुसते आठ तास आणि महिन्याला २६ दिवस धरले तरी महिन्याचे ३,२०० डॉलरच्या वर होतात. वीस हजार रुपये म्हणजे अडीचशे डॉलरसुद्धा नाहीत. राहणं-जेवण आहे, असं म्हणतील. त्याचेही नियम आहेत, पण महिना तीन हजार डॉलरचं वरण-भात कुणी खात नाही. घरकाम करणाऱ्यांच्या हक्कांचा खास कायदा न्यू जर्सीत जुलै २०२४ पासून लागू आहे. तो त्या जोडप्याला ठाऊक नसेलही. ठाऊक नसण्याची किंमत मात्र मावशी भरत आहेत.

'ते लोक वाईट नाहीत' यावर मी वाद घालणार नाही. नसतीलही. सुरुवातीला खरंच सहा महिन्यांचाच बेत असेल, मग बाळाची सवय झाली, डेकेअरचे दर पाहिले, आणि दिवस ढकलले गेले असतील. पण 'घरच्यासारखं' हा शब्द एकदा तपासून बघा. घरच्या माणसाचा पासपोर्ट कपाटात कुलूपबंद ठेवतात का? घरच्या माणसाला पगार विचारायची लाज वाटते, हा तेवढा 'घरच्यासारखं'चा भाग या घरात नीट पाळला गेला आहे. हे एका त्यांच्याच घराचं नाही. पुण्या-मुंबईत आपण सगळेच कामाला येणाऱ्या बाईला मावशी म्हणतो आणि जुनी साडी देऊन मोकळे होतो. तुम्ही पत्रात लिहिलंय की त्यांचं खरं नाव तुम्हाला ठाऊक नाही. मला तिथे थांबावं लागलं.

अशीच आणखी एक गोष्ट आठवते. डिसेंबर २०१३ मध्ये न्यूयॉर्कमधल्या भारतीय उप-महावाणिज्यदूतांना अटक झाली. घरकाम करणाऱ्या बाईच्या व्हिसाच्या अर्जात पगाराची खोटी माहिती दिली, असा आरोप होता. त्यांनी तो नाकारला, आणि राजनैतिक संरक्षण मिळून त्या भारतात परतल्या. अटकेनंतर त्यांची अंगझडती घेतल्याच्या बातमीने आपण सगळे पेटून उठलो होतो, मीही. पण त्या घरकाम करणाऱ्या बाईचं काय झालं, हे मी तेव्हा एकदाही विचारलं नाही. पुढे वाचलं, की अटकेच्या दोनच दिवस आधी अमेरिकी सरकारने तिच्या कुटुंबाला भारतातून तिकडे नेलं होतं. खटल्याचं खरंखोटं बाजूला ठेवा. असं काही घडू शकतं, असा कायदा आहे, हेच मला तोवर माहीत नव्हतं.

आणि 'स्वतःच्या मर्जीने आल्या' याबद्दल. २००५ च्या कॅटरिना वादळानंतर मिसिसिपीतल्या पॅस्कागुला आणि टेक्सासमधल्या ऑरेंज इथल्या जहाजबांधणीच्या यार्डांत सिग्नल इंटरनॅशनल या कंपनीने सुमारे ५०० भारतीय वेल्डर आणि पाइपफिटर आणले. सगळे स्वखुशीने आलेले, रीतसर व्हिसावर. ग्रीन कार्डाच्या आशेवर एजंटांना एकेकाने दहा ते वीस हजार डॉलर दिलेले, घरं-जमिनी गहाण टाकून. तिथे गेल्यावर एकेका ट्रेलरमध्ये चोवीस जण, आणि त्या खाटेसाठी पगारातून महिना १,०५० डॉलर कापलेले. मार्च २००८ मध्ये पॅस्कागुलाचे कामगार यार्डाबाहेर पडले, पुढे वॉशिंग्टनला जाऊन उपोषणाला बसले. २०१५ मध्ये न्यू ऑर्लिन्सच्या ज्यूरीने त्यांतल्या पाच जणांना १ कोटी ४० लाख डॉलरची भरपाई दिली. त्यांच्यातल्या अनेकांना टी व्हिसा मिळाला. माणूस कसा आला यापेक्षा त्याला निघता येत होतं का, यावर सगळं ठरलं.

तर हा टी व्हिसा मागायचा तर काय दाखवावं लागतं? बळजबरीने, फसवून किंवा धाकात ठेवून कामाला (किंवा देहविक्रयाला) लावलं गेलं. त्या तस्करीमुळेच आपण अमेरिकेत आहोत. परत पाठवलं तर फार गंभीर हाल होतील. आणि तपास यंत्रणांनी वाजवी मदत मागितली तर ती केली. या शेवटच्या अटीतून अठरा वर्षांखालच्यांना सूट आहे, आणि आघातामुळे ज्यांना बोलणंच शक्य नाही त्यांनाही. मावशींनी उद्याच पोलीस ठाण्यात जावं असा याचा अर्थ नाही. यंत्रणेला कळवावं लागतं, पण ते कसं आणि कधी हे वकील ठरवतो, बऱ्याचदा तोच कळवतो. पोलिसांनी सही केलेला दाखला असला तर अर्जाला बळ येतं, पण तो नसला म्हणून अर्ज अडत नाही. अर्जाला सरकारी शुल्क नाही. जो कुणी 'टी व्हिसाची फी' म्हणून पैसे मागेल, त्याच्यापासून चार हात लांब राहा.

मंजूर झाला तर चार वर्षांचा दर्जा मिळतो, कामाची परवानगी त्यातच येते, आणि साधारण तीन वर्षांनी ग्रीन कार्डासाठी अर्ज करता येतो. वर्षाला ५,००० जणांची मर्यादा आहे, कुटुंबीय त्यात मोजत नाहीत.

कुटुंबीय म्हटल्यावर मला त्या एकोणीस वर्षांच्या मुलीची आठवण झाली. तुमच्या पत्रात ती एका ओळीपुरती आहे, पण वेळेच्या दृष्टीने तीच सगळ्यात महत्त्वाची. अर्जदार प्रौढ असेल तर नवरा-बायको आणि एकवीस वर्षांखालची अविवाहित मुलं यांना सोबत घेता येतं, आणि मुलांचं वय आईने अर्ज दाखल केला त्या दिवशीचं धरतात. मंजुरीला वर्षं लागली तरी बिघडत नाही, पण अर्ज मुलीच्या एकविसाव्या वाढदिवसाआधी जायला हवा. एजंटाची किंवा मालकाच्या माणसांची गावाकडे दमदाटी चालली असेल, तर आणखी काही नातलगांनाही वाव आहे. ते वकिलाला सांगायला विसरू नये.

हे सगळं वाचून हुरळून जाऊ नका. कमी पगार देणारं प्रत्येक घर म्हणजे तस्करी नव्हे, आणि मावशींची गोष्ट यात बसते की नाही हे मी इथे बसून, हळदीकुंकवातल्या दोन वाक्यांवरून ठरवू शकत नाही. तुम्हीही ठरवू नका. अर्ज फेटाळला गेला आणि हाती दुसरा काही कागद नसेल, तर हद्दपारीची कारवाई सुरू होऊ शकते. सध्या धोरणं भराभर बदलताहेत, तेव्हा गेल्या वर्षी कुणाला काय मिळालं यावर विसंबून राहता येत नाही. म्हणून स्वतः फॉर्म भरू नये, ओळखीच्या कन्सल्टंटकडून तर मुळीच नाही. याच कामाचा अनुभव असलेला इमिग्रेशन वकील हवा, आणि अशा प्रकरणांत फुकट काम करणाऱ्या संस्था आहेत. टी व्हिसाचं जमलं नाही तरी बुडवलेला पगार मागता येतो. सक्तीच्या मजुरीबद्दलचा दिवाणी दावा तर दहा वर्षांपर्यंत लावता येतो. गुन्ह्याच्या बळींसाठी 'यू' नावाचाही एक व्हिसा आहे, पण त्याला पोलिसांचा दाखला लागतोच आणि रांग कित्येक वर्षांची आहे.

आता तुमचं काम. तुम्ही मावशींना सोडवायचं नाहीये. कुठे बोलायचं हे त्यांना कळवायचं, आणि मग त्या काय म्हणतात ते ऐकायचं.

बुधवारी लायब्ररीत जा. बाळ गोष्टी ऐकत असेल तेव्हा शेजारी बसा. व्हॉट्सॲपवर काही लिहू नका, त्यांचा फोन कोण बघतं तुम्हाला माहीत नाही. पहिल्या भेटीत सगळं ओतू नका. आधी नाव विचारा, मग लेकीबद्दल विचारा. मग एवढंच सांगा, की कागद नसलेल्या बाईलाही इथे कायदा आहे, आणि ज्या ठिकाणी तुमचं बोलणं गुप्त राहतं असा एक फोन आहे. अमेरिकेची राष्ट्रीय मानवी तस्करी हेल्पलाइन १-८८८-३७३-७८८८ चोवीस तास चालते, फोन फुकट आहे. दुभाषा मागता येतो, तेव्हा 'मराठी' हा शब्द त्यांच्याकडून घोकून घ्या. हिंदीवर भागवू नका, असल्या गोष्टी माणूस मायबोलीतच सांगतो. आणि दुभाषा म्हणून ओळखीचं कुणीही नको, तुम्हीसुद्धा शक्यतो नको.

त्यांच्याआधी तुम्ही स्वतः त्या नंबरवर फोन करू शकता. आपलं नाव सांगायची सक्ती नाही, मावशींचं नाव न सांगताही सल्ला मिळतो. तुमच्याच राज्यातली 'मानवी' ही संस्था १९८५ पासून दक्षिण आशियाई स्त्रियांसाठी काम करते. तिथे हळदीकुंकू म्हणजे काय हे समजावत बसावं लागणार नाही. मारहाण, उपाशी ठेवणं, जिवाला धोका, असं काही दिसलं तर मात्र वाट बघू नका, ९११.

त्यांना निघायचंच असेल तर तुमच्या घरी आणू नका. तुमचा जीव तुटेल, मला माहीत आहे. पण शोध घेत माणसं पहिली तुमच्याच दारात येतील, आणि तुमच्या नवऱ्याचं ऑफिस त्यात ओढलं जाईल. सुरक्षित निवारा संस्था शोधून देतात. पासपोर्टासाठी कपाट उघडायला सांगू नका. तो नसला तरी हेल्पलाइन आणि वकील दोन्ही मिळतात, आणि नवा पासपोर्ट भारतीय वाणिज्य दूतावासातून पुढे काढता येतो. जमलं तर मावशींनी कामाचे दिवस आणि तास कॅलेंडरवर साध्या रेघांनी मांडत जावेत. मुलीने बँकेचं पासबुक जपून ठेवावं, दर महिन्याची वीस हजारांची नोंद हाही पुरावाच आहे.

नवऱ्याच्या भीतीला हसू नका. तुमचा स्वतःचा व्हिसा त्याच्या नोकरीला बांधलेला आहे, आणि त्याची नोकरी त्या गृहस्थांच्या मर्जीशी. दुसऱ्याच्या कागदावर आपलं राहणं अवलंबून असलं की तोंडातून शब्द फुटत नाही, हे तुम्हाला आतून कळतं. मावशींनी तुम्हालाच का सांगितलं असेल, याचं मला तरी दुसरं कारण सुचत नाही. हेल्पलाइनला फोन केल्याने तुमच्या एच-फोरला धक्का लागत नाही, हे त्याला सांगा. मावशींनी अर्ज केलाच तर त्यातली माहिती इमिग्रेशन खात्याला बाहेर देता येत नाही, आणि केवळ मालकाच्या सांगण्यावरून त्यांच्याविरुद्ध निर्णय घेता येत नाही, हेही सांगा. मंडळात कुजबुज होणार नाही, असं वचन मी देऊ शकत नाही. होईल. गणपतीत दोन-चार जणी तुमच्याकडे पाठ करतील.

हे सदर वाचणाऱ्या इतरांसाठी दोन शब्द. ब्रिटनमध्ये असाल तर तिथे टी व्हिसा नाही. तिथली वाट 'नॅशनल रेफरल मेकॅनिझम'मधून जाते आणि तिथे नाव ठरावीक संस्था किंवा अधिकारीच नोंदवू शकतात, स्वतःचं स्वतः नाही. घरकामाचा व्हिसा तिथे फक्त सहा महिन्यांचा असतो, हे लक्षात ठेवा. आणि गावाकडून आई-बहिणीला 'बाळंतपणाला' परदेशी पाठवणाऱ्यांनो, पासपोर्टच्या आणि व्हिसाच्या पानांचे फोटो स्वतःजवळ ठेवा, जिथे जाते आहे तो पूर्ण पत्ता लिहून घ्या. पगार घेऊन दुसऱ्याच्या घरचं काम करायला व्हिजिटर व्हिसा चालेल असं कुणी म्हणालं, तर तिथेच विचारा, कुठल्या नियमाने? कोड्यात बोलायची एक खूणही ठरवून ठेवा. फोन स्पीकरवर असला तरी 'आंब्याला मोहोर आला का' एवढं विचारता येतं.

मैत्रिणी, तुम्ही फोन नंबर दिलात आणि मावशी "नको बाई" म्हणाल्या, असंही होईल. पहिल्यांदा बहुतेक तेच होतं. मुलीची फी, गावातली उधारी, त्या बाळाचा लळा, या सगळ्यांचा विचार त्यांना तुमच्याआधी करावा लागतो. चिडू नका, 'तुमच्याच भल्याचं सांगतेय' म्हणू नका. नंबर चिठ्ठीवर देऊ नका, सापडेल. पाठ करून घ्या, दोन-दोन आकडे करत. आणि पुढच्या बुधवारी पुन्हा जा.